भाऊजींनी तापवलेले बोल्ट

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून भाऊजींचं गॅरेज दिसतं. मधे फक्त धुण्याचा दगड आणि कपड्यांची दोरी. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. मी लग्न होऊन या घरात आले त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि तेवढ्या वर्षांत भाजी निवडता निवडता त्या खिडकीतून मी जेवढं शिकले तेवढं कॉलेजच्या तीन वर्षांत अर्थशास्त्रही शिकले नाही. ब्रेकचे पॅड संपत आले की गाडी कशी किंचाळते, डिस्कवर चरे पडले की स्टेअरिंग कसं थरथरतं, आणि गंजलेला बोल्ट सुटायच्या आधी एकदाच कसा ‘टक्’ करतो, हे मला भांडी घासतानासुद्धा ओळखू येतं.

त्या ‘टक्’मध्ये भाऊजींचा जीव.

चाकामागे ब्रेकचा एक लोखंडी जबडा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. हा जबडा ज्या बैठकीवर बसतो ती दोन जाड बोल्टांनी आवळलेली असते. रस्त्यावरचं पाणी, चिखल, धूळ सगळं नेमकं तिथेच उडतं. चार-पाच वर्षं कुणी हात लावला नाही की ते बोल्ट असे धरून बसतात, जणू तिथेच जन्मले. पण डिस्क बदलायची तर ते काढल्याशिवाय गत्यंतर नाही. घाईचा मेकॅनिक पान्याला लांब नळी लावतो, अंगाचा सगळा भार टाकतो, आणि मग एकतर बोल्टाचं डोकं गोल होतं, नाहीतर मान मोडून अर्धा बोल्ट आतच राहतो.

भाऊजींचं काम निराळं. आधी तारेच्या ब्रशने भोवतालचा गंज काढायचा. मग गंज सोडवायच्या तेलाचे चार थेंब. मग छोट्या हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर टकटक. मग स्टूल ओढून चहा. पुन्हा तेल, पुन्हा टकटक, पुन्हा चहा.

“त्याला घाई नाही, तर मला कशाला?” असं ते म्हणायचे.

पाना लावला तरी लगेच सोडवायला जायचे नाहीत. आधी किंचित आवळायचे. आवळताना गंजाची पकड तुटते. मग पाव फेरा सोडायचा, परत आवळायचा, परत सोडायचा. कधी त्याला अर्धा दिवस लागायचा, कधी पूर्ण. शेवटी ‘टक्’ झालं की भाऊजी तो बोल्ट घासूनपुसून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचे. “बघा. तुमचाच बोल्ट. तुमच्याच गाडीत परत जाणार.” तीस वर्षांत आपल्या हातून एकही बोल्ट मोडला नाही, असं ते सांगत. दोन मोडलेले मी स्वतः पाहिले आहेत, पण ते असो. लोक त्यांना ‘गंजवैद्य’ म्हणत आणि भाऊजी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. म्हणजे समोरच्याने परत एकदा म्हणावं.

दीड वर्षापूर्वी जाऊबाईंचा धाकटा भाऊ गॅरेजमध्ये आला. भाऊजींचा मेहुणा. वय चाळिशीच्या अलीकडे. पंधरा वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये काढलेली. ते वर्कशॉप दुसऱ्या गावाला हललं, याच्या बायकोची नोकरी इथली, म्हणून हा राहिला. जाऊबाई म्हणाल्या, “घरातलाच माणूस आहे, तुम्हालाही मदत होईल.” भाऊजींनी मान डोलावली. मदत म्हणजे मेहुणा चाकं खोलेल, जॅक ओढेल, आणि आपण बोल्ट काढताना बाजूला उभा राहून बघेल, अशी त्यांची समजूत.

पहिल्याच दिवशी मेहुण्याने जमिनीवर एक जाड कापड पसरलं, त्यावर पाने ओळीने मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि हातात मोजे चढवले.

“काय मेहुणे,” भाऊजी म्हणाले, “ब्रेक खोलताय की अपेंडिक्स काढताय?”

मेहुणा मनापासून हसला. तो हसला तीच पहिली पंचाईत. टोमणा ज्याच्यासाठी मारला त्यालाच आवडला तर मारणाऱ्याने करायचं काय?

मग त्याने पिशवीतून गॅसचा छोटा टॉर्च काढला. ब्रेकची रबरी नळी ओल्या फडक्याने झाकली, निळी ज्योत बोल्टाभोवतीच्या लोखंडावर धरली, गोल गोल फिरवली. मग लोखंड फुगतं आणि बोल्टाची पकड सैल होते. त्याने पाना लावला. टक्. भाऊजींच्या कपातल्या चहाची वाफसुद्धा अजून गेली नव्हती.

निघालेल्या बोल्टाच्या डोक्यावर मेहुण्याने छिन्नीने एक फुली मारली, तो भंगाराच्या डब्यात टाकला, आणि स्वतः आणलेल्या पेटीचा कुलूपबंद कप्पा उघडून नवा बोल्ट काढला. ती किल्ली त्याच्या कमरेलाच.

“चांगला बोल्ट फेकलास,” भाऊजी म्हणाले.

“तापलेला आहे दाजी. तापला की बोल्टाचं पाणी उतरतं. दिसतो तसाच, पण आतून मऊ. फुली मारली की चुकून कुणी परत घालत नाही.”

“तीस वर्षं मी तोच बोल्ट परत घालतोय.”

“तुम्ही तापवत नाही ना, दाजी. तुमचं बरोबरच आहे.”

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने खुर्ची द्यावी, तसं झालं. भाऊजी आत आले, पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, “ज्योत लावून कुणीही काढेल. त्यात हात कुठे आला?” मी म्हटलं, “खरंय.” खरं होतंच थोडंसं. पण गिऱ्हाइकाला हात नको असतो, गाडी हवी असते, हे मी बोलले नाही.

मत्सर हा शब्द आपण पुस्तकात वाचतो तेव्हा तो मोठा वाटतो. घरात तो फार बारीक असतो. भाऊजींचा मत्सर मी पाहिला तो असा: फोन वाजला आणि पलीकडून कुणी “मेहुणे आहेत का?” विचारलं, की भाऊजी “कोण मेहुणे?” विचारायचे. जाऊबाईंनी भावाला दुसऱ्यांदा वाढलं, की भाऊजींची भूक तिथल्या तिथे मरायची. मेहुणा काम करताना शीळ घालायचा, तर भाऊजींनी, ज्यांना आयुष्यात दोन सूर धड लागले नाहीत, त्यांनी शीळ घालायला सुरुवात केली. जाऊबाई कपडे वाळत घालताना थबकल्या. “अगं, कुकर लावलायस का?”

“नाही,” मी म्हटलं. “भाऊजी आहेत.”

आम्ही दोघी दोरीआड तोंडाला पदर लावून हसलो. पण हसता हसता जाऊबाईंचा चेहरा उतरला. “याला आणलं मी, आणि त्यांना तोडलं,” त्या म्हणाल्या. “सांगू तरी कुणाला? नवऱ्याची बाजू घेतली तर भाऊ दुखावतो, भावाचं कौतुक केलं तर हे ताट सरकवतात.”

सगळ्यात वाईट म्हणजे मेहुण्याला यातलं काही कळत नव्हतं, किंवा कळत असून तो कळू देत नव्हता. दिवसातून दहा वेळा “दाजी, हे जरा बघता का?” भाऊजींना ते दहाही वेळा खोटं वाटायचं. “मला विचारून मोठेपणा मिळवतोय,” ते मला म्हणाले. मला ते बिनधास्त बोलून दाखवायचे, कारण मी कुठल्याच बाजूच्या रक्ताची नव्हते. मला ते ‘प्रोफेसर’ म्हणतात. “तूच सांग प्रोफेसर, एवढं शिकलेला माणूस दुसऱ्याला कशाला विचारतो?”

“आदर म्हणून,” मी म्हटलं.

“आदर! मला आदर नको. त्याने एक बोल्ट मोडावा. एकच.”

हे त्यांनी इतक्या कळकळीने म्हटलं, की मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. बावन्न वर्षांचा माणूस. दुसरी काही हौस नाही, मित्र फारसे नाहीत, मूलबाळ झालं नाही. त्यांचं असं जे काही होतं ते त्या ‘टक्’मध्ये होतं, आणि ते दुसऱ्याच्या हातातून दोन मिनिटांत निघत होतं.

मग तो गुरुवार आला.

सकाळी नऊला हेडबाई आल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. गाडी स्वतः चालवतात आणि फाटक उघडं दिसलं तरी हॉर्न वाजवतात. भाऊजींचं पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. दर शुक्रवारी त्या डोंगरापलीकडे आजारी बहिणीला भेटायला जातात. जाताना चढ, येताना सात-आठ मैल सरळ उतार.

“उतारावर पाय दाबला की सगळी गाडी थरथरते हो,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी सहाला निघायचंय मला.”

भाऊजींनी पुढचं चाक काढून पाहिलं. डिस्क गेलेली. बोल्ट गंजून लालभडक. “तेल घालून ठेवतो,” ते म्हणाले. “परवा संध्याकाळी देतो.”

“परवा? तुमचे मेहुणे तासाभरात करतात म्हणे. आमच्या शेजाऱ्यांची केली परवा.”

मी खिडकीत होते. भाऊजींच्या हातातलं फडकं थांबलं, ते मला दिसलं.

“मेहुणे सामान आणायला गेलेत,” ते म्हणाले. “दुपारनंतर येतील. पण त्यांची गरज काय? मी देतो. पाचला या.”

पाचला या, हे त्यांच्या तोंडून निघालं आणि मी हातातली भाजी बाजूला ठेवली. ज्या माणसाने बोल्टाला कधी मुदत घातली नाही, त्याने आज ती घातली होती.

दहा वाजता तेल. साडेदहाला टकटक. अकराला पाना. बोल्ट ढिम्म. परत तेल. बाराला जाऊबाईंनी जेवायला हाक मारली, भाऊजी “आलो” म्हणाले आणि आले नाहीत. पाऊण वाजता त्यांनी पान्याला नळी लावली. नळी! तीस वर्षं ज्या नळीला शिव्या दिल्या ती. पाना घसरला, त्यांची बोटं सोलली. त्यांनी बोटं तोंडात घातली आणि भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर मेहुण्याचा टॉर्च टांगलेला होता.

मी भांडी विसळत होते. पाणी तसंच सोडून उभी राहिले.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, एखादं पोर डब्यात हात घालायच्या आधी बघतं तसं. मग टॉर्च काढला. पेटवताना दोनदा दचकले. ओलं फडकं लावायची आठवण मात्र ठेवली, एवढं बारीक त्यांनी मेहुण्याकडे बघितलं होतं. दीड वर्ष तोंड फिरवून बसलेला माणूस तिरक्या डोळ्याने सगळं शिकला होता. पण ज्योत फिरवायची कशी ते काही तिरकं बघून येत नाही. यांनी ती भोवतालच्या लोखंडावर फिरवण्याऐवजी थेट बोल्टावर धरून ठेवली. बोल्ट लाल झाला. पाना लावला. टक्. दुसरा. टक्.

कधी नव्हे ते त्या आवाजाने त्यांचा चेहरा खुलला नाही.

मग नवी डिस्क बसली, नवे पॅड बसले. आणि भाऊजी ते दोन बोल्ट हातात घेऊन स्टुलावर बसले. नवे बोल्ट कुलपात. किल्ली मेहुण्याच्या कमरेला. नवे हवेत तर मेहुणा येईपर्यंत थांबायचं, मागायचे, आणि का हवेत ते सांगायचं. बोल्टांवर निळसर झाक आली होती. भाऊजींनी तारेचा ब्रश घेतला आणि ती झाक जाईपर्यंत घासत बसले. एवढे चकचकीत बोल्ट मी त्या गॅरेजमध्ये कधी पाहिले नव्हते. ते त्यांनी आत घातले, आवळले, वरून चाक चढवलं.

दोन वाजता मेहुणा आला. खोके उतरवत म्हणाला, “झालं दाजी? हेडबाईंची?”

“झालं,” भाऊजी म्हणाले. “तेलावर. तीन तासांत.”

“वा! असले बोल्ट तेलावर तीन तासांत? मला नसतं जमलं.”

भाऊजींना हवं होतं ते वाक्य हेच. दीड वर्ष ते याचीच वाट बघत होते. आणि ते आलं तेव्हा ते हात धुवायला वळले.

पाचला हेडबाई आल्या, गाडी घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, “जुनं ते सोनं, उगाच नाही म्हणत.” मेहुणाही म्हणाला, “अगदी.” भाऊजी त्या चाकाकडे बघत राहिले.

आता माझं काय काम होतं? मी घरातली धाकटी सून. थोरल्या दिरांना चारचौघांत खोटं पाडायचं कसं? आणि न पाडावं, तर सकाळी सहाला ती बाई डोंगर चढणार, आणि दुपारी उतरणार. मला खरं तर पाणी उतरणं म्हणजे काय ते नीटसं माहीत नव्हतं. असेल मेहुण्याची बसवाल्यांची शिस्त, कोण जाणे. तेव्हा माहीत नसलेली गोष्ट विचारावी, एवढंच मी ठरवलं.

सहाला सगळे अंगणात चहाला बसलो. मी मेहुण्याच्या हातात कप दिला आणि विचारलं, “अहो, तुम्ही त्या बोल्टांवर फुली मारता ती कशाला हो? परत घातला तर काय होतं?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“काही होत नाही, वहिनी,” मेहुणा म्हणाला. “तीच तर गोम आहे. आज काही होत नाही, उद्याही होत नाही. आमच्या वर्कशॉपला एकाने घातला होता. चांगला माणूस, कामाचा. नवा आणायला स्टोअरपर्यंत जायचा कंटाळा. पंधरा दिवस बस धावली. मग एक दिवस ड्रायव्हरने जोरात ब्रेक दाबला, बोल्ट ताणला गेला, तुटला, आणि सगळा जबडा चाकात अडकला. चाक जाम.”

“मग?” जाऊबाईंनी विचारलं.

“नशीब, बस आवारात वळत होती. रिकामी. भिंतीवर गेली. उतारावर असती तर...” त्याने बिस्किट चहात बुडवलं.

भाऊजींनी कप खाली ठेवला. भरलेला. उठले, चपला घातल्या. एका पायातली मेहुण्याची होती, ते त्यांना कळलंही नाही.

“कुठे निघालात?” जाऊबाई म्हणाल्या.

“आलो.”

वीस मिनिटांनी हेडबाईंची गाडी माणूस चालतो त्या वेगाने फाटकातून आत आली. भाऊजी चालवत होते. शेजारी हेडबाई, घरातल्या साडीवर स्वेटर, चष्मा कपाळावर.

“मला वाटलं गाडीच पळवून नेतायत,” त्या उतरता उतरता म्हणाल्या. “म्हणून आले बरोबर. काय बघायचं राहिलं म्हणे?”

भाऊजी मेहुण्यासमोर उभे राहिले आणि हात पुढे केला.

“किल्ली दे.”

“कुठली, दाजी?”

“कप्प्याची.”

मेहुण्याने लगेच दिली नाही. आधी जॅक लावला, चाक काढलं, वाकून आत पाहिलं. बोल्ट आरशासारखे चमकत होते. त्याने एक सैल केला, बाहेर काढला, डोक्याखाली नखाने खरवडलं. तिथे ब्रश पोचला नव्हता आणि निळं तसंच होतं. पंधरा वर्षं बसचे ब्रेक खोललेला माणूस; त्याला याहून जास्त काही सांगायची गरज नव्हती. एवढी एक नजर भाऊजींकडे टाकली असती, तरी सगळ्यांना कळलं असतं. त्याने टाकली नाही. कप्पा उघडला, दोन नवे बोल्ट काढून भाऊजींच्या हातात ठेवले, आणि पाना पुढे केला.

भाऊजी बसले. नवे बोल्ट आवळले.

“काय झालं होतं पण?” हेडबाईंनी विचारलं. शाळा सुटली तरी प्रश्न विचारायची सवय सुटत नाही.

“काही नाही बाई,” मेहुणा म्हणाला. “दाजींना शंका आली. त्यांना शंका आली की ते कुणाचं ऐकत नाहीत. बोल्ट बदलायचेच म्हणाले.”

“बघा!” हेडबाईंनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. “म्हणून मी पंधरा वर्षं दुसरीकडे जात नाही. दुसरा कोण संध्याकाळी घरी येऊन गाडी परत नेईल?”

जाऊबाईंचा अडकलेला श्वास सुटला. माझाही. झालं, निभावलं. मेहुण्याने किती अलगद निभावलं! दाजींचं नाव शाबूत, बाईंची गाडी शाबूत, घरातलं घरात. मला वाटलं, आता भाऊजी मान खाली घालून चाक चढवतील आणि आयुष्यभर मेहुण्याचे उपकार मानतील.

उपकार. तिथेच तर सगळं अडलं.

भाऊजींनी पाना खाली टाकला. फरशीवर तो केवढ्याने वाजला.

“शंकाबिंका काही नाही बाई,” ते म्हणाले. आवाज इतका चढला की शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून पाहिलं. “हा खोटं बोलतोय. मला तेलावर जमलं नाही. मी ह्याचा टॉर्च घेतला, ह्याला न विचारता. बोल्ट तापवले. तापवलेला बोल्ट परत घालायचा नसतो, ह्याने मला सांगितलं होतं, मला माहीत होतं. तरी घातले. घासून घातले, कळू नये म्हणून. आता ह्याने मला वाचवू नये. माझं नाव मला ह्याच्याकडून नकोय!”

मेहुणा मोज्यांची बोटं एक एक करून ओढत होता.

मी पुस्तकी माणूस. मला वाटायचं खरं बोलायला मन मोठं लागतं. त्या दिवशी माझ्यासमोर एक माणूस निव्वळ जळफळाटाने खरं बोलला. मेहुण्याच्या मेहेरबानीने वाचण्यापेक्षा त्याला बुडणं परवडलं. पण बोलला ते खरंच.

हेडबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. शाळेत असताना त्या हे फार मोठ्या गुन्ह्याला करत असाव्यात.

“म्हणजे उद्या मी ह्याच्यावर उतरणार होते,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि आता?”

“आता पक्कं आहे.”

त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. मग मान वळवून मेहुण्याला विचारलं, “तुम्ही बघितलंत?”

पंधरा वर्षांत पहिल्यांदा भाऊजींच्या कामाबद्दल त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं. तो प्रश्न भाऊजींना कसा लागला ते मी खिडकीतून नाही, चार हातांवरून पाहिलं. त्यांचे खांदे एकदम पडले.

मेहुण्याने ओणवा होऊन दोन्ही बोल्ट पान्याने तपासले. मन राखायचं म्हणून नव्हे. खरोखर तपासले, एक, मग दुसरा. “बघितलं,” तो म्हणाला. “पक्कं आहे.” एवढंच. दाजींचा हात, तीस वर्षं वगैरे काही जोडलं नाही. मला वाटतं, त्या क्षणी त्याला भाऊजी कळले.

हेडबाई गाडी घेऊन गेल्या. त्या शुक्रवारी डोंगर चढल्या आणि उतरल्या. संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर दिवा दिसला तेव्हा भाऊजी जेवायला बसले.

घरात दोन दिवस बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी गॅरेजमधून आवाज आला, “असा नाही रे, असा धरू नकोस... मग कसा धरायचा?” पहिलं वाक्य भाऊजींचं स्वतःशीच, आणि दुसरंही भाऊजींचंच, मेहुण्याला. टॉर्च त्यांच्या हातात होता. मेहुणा बाजूला उभा राहून नुसतं बोटाने हवेत गोल काढून दाखवत होता. “लोखंडावर, दाजी. बोल्टावर नाही. फिरता ठेवायचा.” बोल्ट निघाला तर भाऊजी म्हणाले, “टॉर्च चांगला आहे.” मेहुण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि त्यानेही वाट बघितली नाही. उलट त्याच आठवड्यात एक छोटा, ठिसूळ बोल्ट आला, रबराला अगदी चिकटून, जिथे ज्योत नेताच येत नाही. तेव्हा मेहुणा स्टूल ओढून बसला, आणि भाऊजींनी त्याला तेल, टकटक आणि थांबणं शिकवलं. त्याला थांबणं अजिबात जमत नव्हतं. दर पाच मिनिटांनी त्याचा हात पान्याकडे जायचा. भाऊजी त्या दिवशी दोनदा जेवले.

मत्सर गेला का? छे. एवढ्यातेवढ्याने जातो का तो?

परवा हेडबाईंच्या गाडीची तीन महिन्यांची तपासणी होती. गाडी लावून त्या मला म्हणाल्या, “दोघांपैकी जो मोकळा असेल त्याला सांगा,” आणि मंडईत गेल्या. भाऊजी मागच्या बाजूला टायरमध्ये हवा भरत होते. त्यांनी येऊन मला गाठलं.

“काय म्हणाल्या?”

“दोघांपैकी जो मोकळा असेल त्याला सांगा, म्हणाल्या.”

“दोघांपैकी? नक्की?”

“नक्की.”

“आधी कुणाचं नाव घेतलं?”

“कुणाचंच नाही घेतलं भाऊजी. दोघांपैकी म्हणाल्या.”

“बरं.” दोन पावलं गेले, परत आले. “म्हणताना बघत कुणाकडे होत्या?”

“त्यांच्या पिशवीकडे,” मी म्हटलं. “पिशवीचा बंद तुटला होता.”

भाऊजींनी त्यावर पुरेसा विचार केला. मग पायऱ्या उतरून त्यांनी आत डोकावलं. मेहुणा एका गाडीखाली होता, फक्त बूट दिसत होते. तो मोकळा नाही याची भाऊजींनी नीट खात्री करून घेतली, आणि मग शीळ घालत हेडबाईंच्या गाडीचं पहिलं चाक सोडवायला बसले.